जवळचं माणूस गेल्यावर समुपदेशक शोधताना: महाराष्ट्रातल्या सेवांचा परखड आढावा

‘ग्रीफ काउन्सेलिंग’ ही पाटी हल्ली बऱ्याच दवाखान्यांबाहेर दिसते, आणि इन्स्टाग्रामवर त्याहून जास्त. पाटीमागे काय असेल याचा मात्र नेम नाही. कुठे शोकावर वर्षानुवर्षं काम केलेली व्यक्ती भेटते, तर कुठे शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून बसलेला लाइफ कोच. फी दोघांची सारखीच असू शकते. फुकट हेल्पलाइनपासून तासाला अडीच हजार घेणाऱ्या खासगी थेरपिस्टपर्यंत कुठे काय मिळतं, कशासाठी कुठे जावं आणि कुठे गाडी अडते, ते इथे मांडलंय. खासगीत जाणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: माणूस निवडायचा तो पहिल्या सेशनच्या आधीच्या दहा मिनिटांच्या फोनवर. तेव्हा काय विचारायचं ते पुढे सविस्तर येईल.

त्याआधी प्रश्न असा की थेरपी लागतेच का? बहुतेकांना लागत नाही. झोप उडणं, घास न उतरणं, दाराची कडी वाजली की ‘तेच आले’ असं वाटणं, मधेच हसू आलं तर अपराधी वाटणं, हे पहिल्या काही महिन्यांत बहुतेक घरांत असतं. शोकात असलेल्या सगळ्यांना सरसकट समुपदेशन दिल्याने फारसा फरक पडत नाही, असं अभ्यासांमध्ये वारंवार दिसलं आहे. फायदा ठळक दिसतो तो शोक जिथे अडकून बसला आहे तिथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, दीर्घकालीन शोकविकाराची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यासाठी किमान ६ महिन्यांची अट आहे. मनोविकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, डीएसएम, हिच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हीच मुदत मोठ्यांसाठी १२ महिने आणि मुलांसाठी ६ महिने धरली आहे. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहातल्या एकाच्या वाट्याला हे येतं. अपघात, आत्महत्या किंवा पोटचं मूल जाणं, यांत प्रमाण जास्त असतं.

महिने मोजत बसायचं नाही अशा काही अवस्थाही आहेत. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील आणि ‘कसं, कधी’ इथपर्यंत ते पोचले असतील, दारू रोजची झाली असेल, दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नसेल, तान्ह्या बाळाचं करणं होत नसेल, तर त्याच दिवशी फोन लावायचा किंवा रुग्णालय गाठायचं. ‘मलाही त्यांच्याकडे जावंसं वाटतं’ हे वाक्य शोकात बरेच जण बोलून जातात. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ आत्महत्येचा विचार असा नसतो, पण घरच्यांनी ते कानाआडही करू नये. ‘म्हणजे जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने डोक्यात विचार पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे.

फोनवरच्या सेवा

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत. फोन लागला की भाषेचा पर्याय येतो, त्यात मराठी आहे. समोर प्रशिक्षित समुपदेशक असतो. त्याला गरज वाटली तर तो तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवतो. रात्री दोन वाजता छातीत धडधडतंय, घरात कुणाला उठवायचं नाही, अशा वेळी हा नंबर हाताशी असावा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना तर जिल्ह्यात नेमकं कोण उपलब्ध आहे हे शोधायचा हा सगळ्यांत सरळ मार्ग आहे. उणीव एकच, पण मोठी: पुढच्या खेपेला तीच व्यक्ती फोन उचलेल असं नाही. शोकातल्या माणसाला दर वेळी ‘कधी गेले, कशाने गेले’ इथून सुरुवात करावी लागली की तो तिसरा फोन करतच नाही. यावर साधा उपाय म्हणजे कोण गेलं, कधी, कसं, आणि सध्या सगळ्यांत जड काय जातंय, या चार ओळी कागदावर लिहून ठेवायच्या आणि फोन लागला की आधी त्याच वाचायच्या. बोलण्याची पहिली पाच-सात मिनिटं वाचतात आणि मुद्द्याला लवकर हात घालता येतो.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून आहे (९१५२९८७८२१). इथे बोलणारे मानसशास्त्र शिकलेले असतात. फोनखेरीज ईमेल आणि चॅटचाही पर्याय आहे, आणि तो शोकात फार कामाचा ठरतो, कारण रडू आवरत नसेल तर लिहिणं सोपं जातं. सोमवार ते शनिवार, ठरावीक वेळेतच चालते, हे मात्र लक्षात ठेवा. वांद्रेवाला फाउंडेशनचा ९९९९६६६५५५ हा नंबर चोवीस तास चालतो आणि त्यावर व्हॉट्सॲपनेही बोलता येतं.

पुण्याच्या कनेक्टिंग ट्रस्टचं काम वेगळ्या जातीचं आहे. हेल्पलाइनवर (९९२२००४३०५, ९९२२००११२२, दुपारी १२ ते रात्री ८) प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. ते सल्ला देत नाहीत, उपदेश करत नाहीत, फक्त ऐकतात. ‘पण मग त्यांनी काही सांगितलंच नाही’ अशी तक्रार करणाऱ्याला ही सेवा काय आहे ते फोन करण्यापूर्वी माहीत नव्हतं, एवढंच. या संस्थेची खरी मोलाची बाजू म्हणजे आत्महत्येने माणूस गमावलेल्या कुटुंबांसाठीचं काम. त्याबद्दल खाली पुन्हा येईल.

सरकारी दवाखाना: फुकट, पण मागून घ्यावं लागतं

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी टीम अपेक्षित असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, पण तिथली फीही नाममात्र असते. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि पुण्यात ससून इथले मनोविकार विभाग मोठे आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग चालतो. ‘वेड्यांच्या इस्पितळात कसं जायचं’ म्हणून लोक बाहेरूनच परततात, त्यात नुकसान त्यांचंच.

गाडी अडते ती ओपीडीच्या गर्दीत. डॉक्टरला एका रुग्णामागे पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात झोप-भूक विचारून गोळ्या लिहून होतात आणि माणूस ‘मला तर बोलायचं होतं’ म्हणत बाहेर पडतो. म्हणून खुर्चीवर बसताक्षणी सांगायचं: ‘घरात मृत्यू झालाय, मला समुपदेशन हवंय, सायकॉलॉजिस्टकडे पाठवा.’ केसपेपरवर तसं लिहून घ्यायचं आणि सायकॉलॉजिस्टचा वार कोणता ते खिडकीवर विचारायचं. काही जिल्ह्यांत ते पदच रिकामं असतं, तेव्हा जाण्याआधी फोन करून खात्री केलेली बरी. पद रिकामं असेल तर सामाजिक कार्यकर्त्याला भेटा. विधवा निवृत्तिवेतन, वारस नोंद, मुलांची फी हे प्रश्न डोक्यावर असताना मन मोकळं करण्याइतकीच ही मदतही लागते, आणि ती त्यांच्याकडे जास्त चांगली मिळते.

गोळ्यांबद्दल थोडं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्यांनी झोप लागते, शोक हलत नाही. आणि महिनोन्‌महिने घेतल्या तर सवय लागते, अचानक बंद केल्या तर त्रास होतो. ‘किती दिवस घ्यायच्या आणि कशा कमी करायच्या?’ हे विचारल्याशिवाय अशी चिठ्ठी घेऊन निघू नका. नैराश्याच्या गोळ्यांचं तसं नाही. शोकासोबत खरंखुरं नैराश्य असेल तर त्या लागतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत सिटालोप्रॅम ही गोळी शोक-थेरपीच्या जोडीला दिली तेव्हा नैराश्य अधिक उतरलं, शोकाच्या लक्षणांवर मात्र थेरपीपेक्षा जास्त काही झालं नाही. म्हणजे गोळी सुरू आहे म्हणून थेरपी टाळायची नाही, आणि थेरपी सुरू केली म्हणून चालू गोळी आपल्या मनाने सोडायची नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे. आशा कार्यकर्तीमार्फत ताणाखालच्या कुटुंबांची पाहणी आणि १०४ क्रमांकावर समुपदेशन असं त्याचं स्वरूप. शोकासाठी म्हणून तो आखलेला नाही, पण गावातल्या आशाताईला विचारलं तर जिल्हा रुग्णालयापर्यंतची वाट तिथून सुरू होते.

ज्या दाराकडे कुणी बघत नाही

माणूस कॅन्सरने किंवा दीर्घ आजाराने गेलं असेल आणि शेवटचे दिवस परिहार सेवेच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या देखरेखीखाली गेले असतील, तर समुपदेशक दुसरीकडे शोधण्याआधी तिथेच फोन करा. मृत्यूनंतर कुटुंबाची विचारपूस हा परिहार सेवेचाच भाग मानला जातो. पुण्यात वारज्याचं सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतं. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, आणि गोव्यात लोटलीलाही त्यांचं सदन आहे. इथल्या समुपदेशकाने तुमचा माणूस पाहिलेला असतो. त्याला काय होत होतं, शेवटच्या आठवड्यात मॉर्फिन का वाढवलं, ‘अजून एक केमो दिला असता तर’ या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर काय, हे तो संबंधित डॉक्टरला विचारून सांगू शकतो. अपराधी भावनेचा निम्मा भार अशा एका बैठकीत उतरलेला दिसतो. बाहेरच्या, कितीही हुशार, थेरपिस्टला हे जमणार नाही, कारण त्याच्याकडे फाइलच नसते. आमच्या मते राज्यातली सगळ्यांत कमी वापरली जाणारी शोकसेवा हीच. आयसीयूत माणूस गेलं असेल तर संबंधित डॉक्टरची महिना-दोन महिन्यांनी वेळ मागून असाच संवाद करता येतो. बरेच डॉक्टर तयार होतात, फक्त भांडायला आलेलो नाही हे फोनवरच स्पष्ट करायचं.

खासगी थेरपिस्ट: दहा मिनिटांचा फोन

पदव्यांचा घोळ आधी सोडवू. मनोविकारतज्ज्ञ हा एमडी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. त्याचा सीआरआर, म्हणजे तिथल्या नोंदणीचा क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. समुपदेशक म्हणवणाऱ्यांचं तसं नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात ही मंडळी येतात, पण आज गल्लीत ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावणाऱ्याकडे कसलाही परवाना असेलच असं नाही. म्हणून समुपदेशन मानसशास्त्रातली एमए किंवा एमएस्सी, किंवा वैद्यकीय-मनोविकार सामाजिक कार्यातली एमएसडब्ल्यू, ही किमान पायरी धरा. एमए झालेला आणि शोकावर नीट प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक, शोकाचा अनुभव नसलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टपेक्षा या कामाला बरा.

आता फोन. बहुतेक थेरपिस्ट पहिल्या सेशनआधी दहा-पंधरा मिनिटं फुकट बोलतात. जो ‘आधी पैसे भरा मग बोलू’ म्हणतो, त्याला सोडा. पहिला प्रश्न: ‘शोकाच्या केसेस तुम्ही नियमित घेता का, आणि माझ्यासारखा मृत्यू त्यांत असतो का?’ नवरा गेलेल्या बाईवर काम करणं वेगळं, आठव्या महिन्यात बाळ गेलेल्या आईवर वेगळं. प्रामाणिक माणूस सांगतो, ‘गर्भपात आणि बालमृत्यूचं काम मी फारसं केलेलं नाही, पण अमुक एक जण करतात.’ असं उत्तर मिळालं तर तो दुसरा नंबर लिहून घ्या, तो सोन्याचा असतो.

दुसरा प्रश्न: ‘पहिल्या तीन-चार सेशनमध्ये काय कराल?’ कसलेला थेरपिस्ट साधारण असं बोलतो: आधी झोप, जेवण, व्यसन आणि जिवाला धोका आहे का ते पाहीन. मग गेलेल्या माणसाबद्दल आणि तुमच्या नात्याबद्दल ऐकेन. पीजी-१३ सारखी एखादी प्रश्नावली भरून घेईन, म्हणजे दोन महिन्यांनी तुलना करता येईल. मग काय करायचं ते दोघं मिळून ठरवू. ‘तुम्ही या तर खरं, बघू’ हे उत्तर नाही. ‘चार सेशनमध्ये बाहेर काढतो’ म्हणणाऱ्याला तर हात जोडा. ‘तुम्ही अजून नकाराच्या टप्प्यात आहात’ हे फोनवरच ऐकू आलं तरी सावध व्हा. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार हे प्रसिद्ध पाच टप्पे १९६९ मध्ये एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांचा शोक त्या क्रमाने जातो असं पुढच्या संशोधनात दिसलं नाही. जो अजून त्यावरच थेरपी बेततो, त्याने नंतरचं काही वाचलेलं नाही.

तिसरा प्रश्न: ‘तुम्ही सुपरव्हिजन घेता का?’ म्हणजे अनुभवी व्यक्तीकडे आपल्या केसेस नियमितपणे नेता का. हा प्रश्न ऐकून चांगला थेरपिस्ट खूश होतो, कच्चा चिडतो. बाकी फी, रद्द करण्याची मुदत (बहुधा २४ तास), दोन सेशनच्या मधल्या काळात फोन करता येतो का आणि मराठीत सेशन होईल का, हेही याच फोनवर. मराठीचा मुद्दा किरकोळ समजू नका. इंग्रजीत शिकलेले बरेच तरुण थेरपिस्ट मराठी बोलतात, पण ‘जीव गलबलतो’, ‘घर खायला उठतं’ हे ऐकल्यावर त्यांना अडखळायला होतं. आजी-आजोबांसाठी माणूस शोधताना तर हीच पहिली अट. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून मराठीतून काम करते, त्यामुळे वयस्करांसाठी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

फीचा अंदाज: छोट्या शहरांत ५०० ते १००० रुपये, पुण्या-मुंबईत १००० ते २५००, क्वचित त्याहून जास्त, ४५ ते ६० मिनिटांना. परवडत नसेल तर ‘सवलतीची जागा आहे का?’ असं न लाजता विचारा. बरेच जण आठवड्यातले दोन-तीन तास कमी फीसाठी राखून ठेवतात, पण आपणहून सांगत नाहीत. दहा सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. शोकात माणूस तिसऱ्या सेशननंतर पळू पाहतो, तेव्हा पैसे अडकलेत म्हणून जाणं आणि गरज आहे म्हणून जाणं यांत फरक पडतो. आरोग्य विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराला इतर आजारांच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलं आहे, पण ते बहुधा दाखल झाल्यावरच कामाला येतं. ओपीडीतली सेशन बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर कर्मचारी साहाय्य योजनेत काही सेशन फुकट मिळतात का ते बघा.

सेशनमध्ये घडतं काय

साध्या आधारासाठी चार ते आठ सेशन पुरतात. अडकलेल्या शोकासाठी आखलेली जी थेरपी चाचण्यांत तावून निघाली, ती साधारण १६ सेशनची आहे, आठवड्याला एक. तिचा एक भाग जवळून बघण्यासारखा आहे, कारण तिथेच सगळ्यांत जास्त लोक सोडून जातात. थेरपिस्ट डोळे मिटायला सांगतो आणि मृत्यू कळला तो प्रसंग वर्तमानकाळात, ‘मी’ लावून सांगायला लावतो: ‘मी आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलोय. नर्स दार उघडते. तिच्या हातात कागद आहे…’ हे काही मिनिटं चालतं आणि रेकॉर्ड होतं. मधे मधे थेरपिस्ट विचारतो, ‘आता त्रास किती, शंभरात?’ मग डोळे उघडून, काय जाणवलं त्यावर बोलून, तो प्रसंग मनातल्या मनात गुंडाळून बाजूला ठेवायचा सराव होतो, आणि शेवटी घरी गेल्यावर स्वतःसाठी काहीतरी बरं करायचं ठरतं. रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं असतं. पहिल्या काही दिवसांत माणूस जास्त रडतो, आणि घरचे म्हणतात, ‘तिकडे जायला लागल्यापासून बिघडलीय ही.’ थेरपिस्टने हे आधी बजावलं नसेल तर चूक त्याची. आणि अजिबात पूर्वतयारी न करता पहिल्याच भेटीत कुणी हे करायला लावलं, तर ते अडाणीपणाचं लक्षण समजा. याच थेरपीचा दुसरा भाग टाळलेल्या जागांकडे परत जाण्याचा असतो: बंद ठेवलेली खोली, त्या रुग्णालयाचा रस्ता, स्कूटर. हळूहळू, सोप्यापासून अवघडाकडे.

कपाट रिकामं करायला लावणं, फोटो उतरवायला सांगणं, ‘लेट गो’ म्हणणं हे जुनं झालं. गेलेल्याशी नातं वेगळ्या रूपात राहू शकतं हे आता सगळे चांगले थेरपिस्ट धरून चालतात. आपल्याकडे तर ते सोपंच आहे, वर्षश्राद्ध, पितृपक्ष, चाळिसावा, पुण्यानुमोदन, महिन्याची मिस्सा हे सगळं त्यासाठीच आहे. थेरपिस्टने या विधींना थोतांड म्हणणं जितकं चूक, तितकंच ‘गया करून या, मोकळं वाटेल’ म्हणणंही. पूर्वजन्म संमोहन किंवा ‘आत्म्याशी संवाद’ यांची फी कुणी सांगू लागला तर तिथून निघा.

विधवेसाठी थेरपिस्ट शोधताना आणखी एक पाहा. टिकली, मंगळसूत्र, जोडवी, हळदीकुंकवाला न बोलावणं, हे तिच्या शोकाचे भाग असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनेही त्याच महिन्यात तसं परिपत्रक काढलं, तरी घराघरांत ते पोचलेलं नाही. सासूने टिकली पुसायला लावली हे ऐकून थेरपिस्टने नुसतं ‘ओके’ म्हणून पुढे जाऊ नये, आणि तिच्या वतीने सासूशी भांडायलाही बसू नये. जमिनीच्या वाटणीचा वाद असेल तर वकील वेगळा हवा, थेरपिस्टला मध्यस्थ केलं की थेरपी संपली.

आत्महत्येने माणूस गेलं असेल तर सामान्य थेरपिस्ट चाचपडतो. पंचनामा, शवविच्छेदन, अकस्मात मृत्यूची नोंद, पोलिसांचे जबाब हे सगळं शोक सुरू होण्याआधीच उरावर बसतं. त्यात शेजारी कुजबुजतात आणि घरात कुणाची चूक याचा न्यायनिवाडा चालू असतो. इथे तसंच गमावलेल्या दुसऱ्या माणसाला भेटणं थेरपीइतकं, कधी त्याहून जास्त, उपयोगी पडतं. पुणे परिसरात असाल तर कनेक्टिंगला विचारा. मुलांसाठी वेगळा थेरपिस्ट लागतो. सहा-सात वर्षांच्या पोराला खुर्चीवर बसवून ‘कसं वाटतंय’ विचारणाऱ्याकडे नेऊ नका, खेळ, चित्रं, वाळू यांतून काम करणारा हवा. आणि ‘बाबा देवाघरी झोपलेत’ असं सांगितलेलं असेल तर थेरपिस्ट आधी तुम्हाला ते दुरुस्त करायला सांगेल, कारण मग पोर झोपायलाच घाबरतं.

ॲपवरच्या सेवांमध्ये सोय खरी आहे, विशेषतः पुण्या-मुंबईबाहेर. पण थेरपिस्ट तुम्ही निवडताय की ॲप जुळवून देतंय ते बघा, आणि माहिती कुठे जाते तेही. बेटरहेल्प या अमेरिकन ॲपला ग्राहकांची मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या प्रकरणात तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. व्हिडिओ सेशन घरूनच करायचं तर दाराला कडी असलेली खोली हवी. वन-रूम-किचनमध्ये लोक गाडीत, गच्चीत बसून सेशन घेतात, चालतं. परदेशातल्या मराठी माणसांनी लक्षात घ्यावं की अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे महाराष्ट्रातला थेरपिस्ट ऑनलाइन सेशनला ‘नाही’ म्हणाला तर तो नियम पाळतोय. ब्रिटनमध्ये क्रूज ही संस्था १९५९ पासून केवळ शोकावरच काम करते, तिची हेल्पलाइन मोफत आहे.

चार-पाच सेशननंतर हिशेब मांडा. रडणं थांबलं का हा निकष नाही. आंघोळ, जेवण, कामावर जाणं यांत थोडी हालचाल आहे का? थेरपिस्टला गेलेल्याचं नाव, घटनाक्रम लक्षात असतो का, की दर वेळी वही चाळतो? त्याच्याच गोष्टी जास्त ऐकाव्या लागतात का? उत्तरं बरी नसतील तर ‘मला दुसरं कुणी सुचवाल का?’ असं समोरासमोर विचारा. चांगला माणूस नाव देतो, रागावत नाही. जाताना आपल्या नोंदी मागा. २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ ने तो हक्क दिला आहे. निदान दोन परिच्छेदांचा गोषवारा तरी लिहून घ्या आणि नव्या थेरपिस्टला पहिल्या फोननंतरच पाठवा, म्हणजे पहिलं सेशन पुन्हा सगळं सांगण्यात जाणार नाही.